अकराची किल्ली

घरातील दोन राउटरांनी एकमेकांना ओळखण्याची खूण रोज सकाळी अकराच्या ठोक्याला बदलावी, असा निर्णय काटेकोररावांनी बुधवारी संध्याकाळी घेतला. निर्णय तसा लहानच होता. चहाचा कप तोंडाला लावताना तो सुचला आणि कप खाली ठेवेपर्यंत पक्का झाला. (मोठ्या निर्णयांसाठी काटेकोरराव दोन कप घेतात.)

काटेकोरराव हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. ज्या कार्यालयाच्या नेटवर्क विभागात ते उपअभियंता होते, तेथील सहकाऱ्यांनी ते त्यांना बहाल केले होते. आणि ते कौतुकानेच दिले गेले आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्याच दिवशी त्यांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण संपले होते. नव्या विद्येची नशा अजून उतरली नव्हती आणि घरातल्या दोन निरुपद्रवी राउटरांवाचून ती उतरवण्यासाठी दुसरे काही हाताशी नव्हते.

विद्या अशी होती. दोन राउटर एकमेकांशी बोलू लागण्याआधी परस्परांना एक गुप्त शब्द विचारतात. शब्द जुळला तर बोलणे, नाही तर अबोला. या शब्दाला किल्ली म्हणतात. एकच किल्ली वर्षानुवर्षे वापरली, तर कोणीतरी ती लांबवणार. म्हणून किल्ल्यांचा जुडगाच दोघांकडे देऊन ठेवायचा आणि प्रत्येक किल्लीला मुदत नेमून द्यायची. अमुक वाजेपर्यंत ही, त्यापुढे ती. वेळ झाली की दोघेही आपापल्या घड्याळात पाहून, कोणी सांगितल्यावाचून, नवी किल्ली हाती घेतात.

प्रशिक्षकांनी शेवटच्या तासाला दोन सूचना फळ्यावर लिहून त्यांखाली जाड रेघ ओढली होती. पहिली : सर्व राउटरांना वेळ एकाच ठिकाणाहून मिळाली पाहिजे. दुसरी : किल्ली बदलताना जुनी आणि नवी अशा दोन्ही किल्ल्या पाव तास चालू द्या. काटेकोररावांनी पहिली सूचना हिरव्या शाईने वहीत उतरवून घेतली. दुसरी त्यांना पटली नाही. अकरा म्हणजे अकरा. पाव तासाची सवलत द्यायची, तर मग शिस्त ती कसली?

घरातला एक राउटर खाली, बैठकीच्या खोलीत, बाहेरून तार आत येते त्या कोपऱ्यात होता. दुसरा वरच्या मजल्यावर, पत्नीच्या अभ्यासिकेत, तिच्या टेबलाखाली होता. पत्नी एका शाळेत उपमुख्याध्यापिका. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणत. घरात म्हणण्याची गरज कोणाला पडत नसे, कारण त्यांनी नुसते पाहिले तरी पुरत असे.

"अगं, उद्या तुझी मुलाखत ना?" काटेकोररावांनी वायरचे वेटोळे खांद्यावर टाकत विचारले.

"आहे. म्हणूनच म्हणते, आज त्या खोक्यांना हात लावू नका."

"तुझ्यासाठीच तर लावतोय. ऐन मुलाखतीत कुणी आपल्या नेटवर्कमध्ये शिरलं म्हणजे?"

"कोण शिरणार आहे? शेजाऱ्यांकडे त्यांचं स्वतःचं आहे."

"शिरणारा सांगून शिरत नाही."

बाईंनी हातातली वही मिटली. "अहो, नऊ वर्षं मी उपमुख्याध्यापिका आहे. दोनदा मुख्याध्यापिकेची खुर्ची हातची गेली. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नाही. उद्याचा एक दिवस सुखाने जाऊ द्या. परवापासून हवं तर खिडक्यांनाही गुप्त शब्द लावा."

"दहाची मुलाखत. अर्ध्या तासात आटपेल. किल्ली बदलणार अकराला. मध्ये चांगला अर्धा तास मोकळा ठेवलाय. मी विचार न करता काही करतो का?"

बाईंनी वडिलांकडे पाहिले. काटेकोररावांचे सासरे गेली चार वर्षे त्यांच्याकडेच राहत होते आणि त्या चार वर्षांत जावयाच्या यंत्रज्ञानाविषयी त्यांनी एकही मत उघडपणे मांडले नव्हते. आताही त्यांनी वर्तमानपत्राचे पान तेवढे उलटले.

खालच्या राउटरचे काम निर्विघ्न पार पडले. त्याला वेळ बाहेरून, इंटरनेटवरून, आपोआप मिळत होती. वरच्याला ती खालच्याकडून घ्यायला शिकवणे आवश्यक होते. परंतु त्या आज्ञेचे पान वहीत सापडेना. तेव्हा तूर्त वेळ हाताने घालावी आणि शिकवणीचे नंतर पाहावे, असे काटेकोररावांनी ठरवले. लॅपटॉपचे घड्याळ कधीचे बिघडलेले होते आणि मोबाइल खाली स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. मात्र जिन्यासमोरच्या भिंतीवरचे मोठे घड्याळ अभ्यासिकेच्या दारातून स्वच्छ दिसत होते.

या घड्याळाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ते दहा मिनिटे पुढे असे. काटेकोरराव सकाळी वेळेवर घराबाहेर पडावेत, म्हणून बाईंनीच ते अनेक वर्षांपूर्वी पुढे करून ठेवले होते. चौथ्या महिन्यात काटेकोररावांना त्याचा सुगावा लागला. तेव्हापासून ते घड्याळाकडे पाहत, मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करत आणि पूर्वीइतक्याच उशिरा बाहेर पडत. घड्याळ मागे करण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत. घराला त्याची सवय झाली होती.

घड्याळात सात वाजून वीस मिनिटे झाली होती. काटेकोररावांनी दहा वजा केले आणि वरच्या राउटरला सात-दहा ही वेळ घालून दिली. (तेरा पायऱ्या उतरून मोबाइल पाहण्यापेक्षा वजाबाकी केव्हाही सोपी.) दोन्ही राउटरांनी पहिल्या किल्लीने एकमेकांना ओळखले, हिरवे दिवे लागले आणि काटेकोरराव जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहून, वर एकदा आणि खाली एकदा, असे समाधानाने पाहत राहिले.

गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. घरात एक जबाबदार तंत्रज्ञ असावा, हा हेतू. बाई पावणेदहालाच अभ्यासिकेत जाऊन बसल्या. दारावर त्यांनी आपल्या मोत्यांसारख्या अक्षरात चिठ्ठी लावली होती : "मुलाखत सुरू आहे. कोणीही आत येऊ नये." 'कोणीही' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. घरात तिसरे माणूस सासरेच असल्यामुळे आणि गुडघेदुखीपायी ते जिना चढत नसल्यामुळे या रेघा कोणाला उद्देशून आहेत, याचा काटेकोररावांनी थोडा वेळ विचार केला.

दहा वाजले. मुलाखत सुरू झाली नाही. निवड समितीचे पाच सदस्य पाच गावांत होते आणि अध्यक्षबाई प्रवासात अडकल्या होत्या. समितीचे सर्व जण पडद्यावर जमेपर्यंत दहा-पस्तीस झाले. मग वरून बाईंचा तो ठाम, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज येऊ लागला.

"उशिरा सुरू झाली," सासरे म्हणाले. "तुमचं ते अकराचं कसं काय?"

"डोळ्याचं पातं लवतं ना, तेवढ्यात होतं, बाबा. तिला कळणारसुद्धा नाही."

"पुढे ढकलता येत नाही?"

"त्यासाठी वर जावं लागेल. दारावर चिठ्ठी आहे."

"मग बसा."

काटेकोरराव बसले. लॅपटॉप मांडीवर, वायर खालच्या राउटरला, नजर हिरव्या दिव्यावर. वरून आवाज येत होता, "विद्यार्थ्याकडून चूक झाली, तर मी आधी त्याला विचारते की तू हे कशासाठी..."

आणि वाक्य तेथेच तुटले. दिवा लाल झाला.

"थांबली," सासरे म्हणाले.

"विचार करत असेल."

"माझी मुलगी बोलताना विचार करायला थांबत नाही. आधीच करून येते."

काटेकोररावांनी पडद्यावर पाहिले. खालच्या राउटरने कोरडी नोंद केली होती : समोरच्याची ओळख पटत नाही. त्यांनी मान वळवून जिन्यासमोरचे घड्याळ पाहिले. अकरा वाजून दहा मिनिटे. दहा वजा, म्हणजे बरोबर अकरा! क्षणभर त्यांचा ऊर भरून आला. वरच्याने सांगितल्या वेळेला, सेकंदाचाही उशीर न करता, नवी किल्ली हाती घेतली होती. मग खालच्यालाच काय झाले? त्यांनी त्याची वेळ विचारली. खालच्याने सांगितले, दहा-पन्नास.

"बाबा, हा दहा मिनिटं मागे आहे!"

"कोण?"

"हा खालचा. तरी म्हटलं, बाहेरून आलेल्या वेळेवर विसंबणं बरं नव्हे."

साऱ्या जगाला वेळ पुरवणारे ठिकाण चुकले आहे आणि आपल्या जिन्यासमोरचे घड्याळ बरोबर आहे, हा निष्कर्ष काढायला काटेकोररावांना पाच सेकंद लागले. त्यांनी खालच्या राउटरचा बाहेरच्या वेळेशी असलेला संबंध तोडला आणि त्याला स्वहस्ते अकराची वेळ घातली. आता दोघांजवळ एकच किल्ली असणार होती. ओळख पटायला मिनिटभर लागते. मिनिटभर स्वस्थ बसण्याइतका धीर त्यांना असता, तर ही गोष्ट येथेच संपली असती.

"अकरा कशावरून म्हणता?" सासऱ्यांनी विचारले.

"हे काय! घड्याळात अकरा-दहा. दहा वजा केले."

"वीस करा."

"वीस कशाला?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "मंगळवारी तिने आणखी दहा पुढे केलंय. मुलाखतीच्या दिवशी तुमची अंघोळ वेळेत उरकावी म्हणून. स्टूल मीच धरलं होतं."

"मला कोणी सांगितलं नाही!"

"तुम्ही दहा वजा करता, म्हणून तर तिने दहा वाढवले, जावईबापू. सांगितलं असतं, तर तुम्ही वीस वजा केले असते."

बुधवारी सकाळी आपण प्रशिक्षणाला दहा मिनिटे आधी कसे पोहोचलो, याचा उलगडा काटेकोररावांना आता झाला. त्या दिवशी त्यांनी ते श्रेय स्वतःच्या वाढत्या शिस्तीला दिले होते आणि शेजारी बसलेल्या दोघांना त्यावर थोडे मार्गदर्शनही केले होते.

पण दुःख करायला वेळ नव्हता. वरचा राउटर दहा मिनिटे पुढे आहे, त्याला मागे आणला पाहिजे! त्यांनी लॅपटॉप काखेत मारला, वायर गळ्यात टाकली आणि तेरा पायऱ्या सहा ढांगांत चढले. खालच्या राउटरला आपण आत्ताच दहा मिनिटे पुढे ढकलून आलो आहोत, ही गोष्ट त्यांच्याबरोबर जिना चढली नाही. खाली दिवा क्षणभर हिरवा झाला होता. तो पाहायला ते तेथे नव्हते.

चिठ्ठीचा मान राखून त्यांनी दार अगदी हलकेच उघडले आणि उभ्याने न जाता रांगत जायचे ठरवले. बाई कानांत हेडफोनचे बोळे घालून पडद्याकडे एकटक पाहत बसल्या होत्या. ओठ मिटलेले. चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती. बिचारी! गोठलेल्या पडद्यासमोर आशेने बसून राहिली आहे, असे वाटून काटेकोररावांना भरून आले. त्यांना पाहताच बाईंनी टेबलाच्या कडेखालून तळहात दाखवला. शाळेत हा हात दिसला की चारशे मुले जागच्या जागी थिजत. काटेकोररावांनी त्याचा अर्थ 'लवकर करा' असा लावला.

"घाबरू नकोस," टेबलाखालून ते म्हणाले. "मी आलोय."

वर खुर्ची किंचित करकरली.

"चूक माझी नाहीये, घड्याळाची आहे. म्हणजे तुझी. वीस मिनिटं पुढे करायचं आणि कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, याला काय म्हणावं? तरी असू दे. मी रागावलो नाही."

बाईंची टाच त्यांच्या डाव्या हातावर येऊन स्थिरावली. टेबलाखाली जागा कमी असते, हे लक्षात घेऊन त्यांनी हात समंजसपणे काढून घेतला आणि उजव्या हाताने टाइप करत राहिले. वरच्या राउटरला त्यांनी दहा मिनिटे मागे ओढले.

"झालं! आता येईल बघ तुझी समिती. कशी आहेत माणसं? खडूस असतात म्हणे."

टाच पुन्हा आली. या खेपेला तिला हात नेमका सापडला.

"स्स्स! बाबा!" काटेकोररावांनी दाराच्या दिशेने आवाज दिला. "खालचा दिवा कोणता आहे?"

"लाल!" खालून उत्तर आले.

"अजून लाल?"

"मघाशी हिरवा झाला होता! तुम्ही वर काहीतरी केलंत, तसा परत लाल झाला!"

काटेकोररावांची बोटे थबकली.

"आणि मघाशी तुम्ही खालचा पुढे केला होता ना? तो मागे घेतलात का?"

काल संध्याकाळी वरचा पुढे होता आणि खालचा बरोबर होता. आता खालचा पुढे होता आणि वरचा बरोबर होता. मधल्या काळात एका तज्ज्ञाने दोन्ही मजल्यांवर मेहनत घेतली होती, एवढाच काय तो फरक.

ते लगबगीने उठायला गेले. टेबल होते तेथेच होते. डोक्याचा आवाज घुमला, पेनांचे भांडे आडवे झाले आणि एका हाताने टाळू चोळत, गळ्यात वायर, विस्कटलेले केस अशा अवस्थेत काटेकोरराव बाईंच्या खांद्याशेजारी उगवले.

पडद्यावर पाच चेहरे होते. ते गोठलेले नव्हते. पाचही चेहरे त्यांच्याकडे पाहत होते आणि त्यांतला एक काहीतरी लिहून घेत होता. बाईंचा मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकून उभा होता आणि लॅपटॉप त्याच्या इंटरनेटवर चालत होता. वाक्य तुटल्यावर अर्ध्या मिनिटात बाईंनी ही सोय केली होती. त्यानंतरचे सगळे, म्हणजे घड्याळ, टाच, समितीच्या स्वभावाविषयीची चौकशी, हे सगळे पाच गावांत ऐकू गेले होते.

मध्यभागीच्या चेहऱ्याचे ओठ हलले. प्रश्न बाईंच्या कानात गेला.

"राउटरचं काम करायला आलेत, मॅडम," बाई म्हणाल्या. आवाज तोच, ठाम आणि सावकाश. मग मान किंचित वळवून, "तुमचं झालं असेल, तर दार लावून घ्या."

काटेकोररावांनी पडद्याला मान लववली, समितीकडे पाठ होऊ नये म्हणून उलट पावलांनी बाहेर गेले आणि दार लावून घेतले.

खाली येऊन ते खालच्या राउटरपाशी बसले. लॅपटॉप उघडला. कोणत्या घड्याळाला आता कोणीकडे ढकलावे, याचा हिशेब त्यांना जुळेना. त्यांनी लॅपटॉप मिटला. तेवढ्यात खरोखरचे अकरा वाजले. वरच्या राउटरने आपली जुनी किल्ली टाकून नवी घेतली, ती खालच्याजवळच्या किल्लीशी जुळली आणि दिवा हिरवा झाला.

"काय केलंत?" सासऱ्यांनी विचारले.

"काही नाही."

"तेच दहा-पन्नासला करायचं होतं," सासरे म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडले. जावयाच्या यंत्रज्ञानाविषयी त्यांनी चार वर्षांत मांडलेले हे पहिले मत होते.

सव्वाअकराला बाई खाली आल्या. काटेकोरराव आपोआप उभे राहिले.

"गेली ना?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले. "तिसऱ्यांदा. माझ्यामुळे."

"दुपारी कळवणार आहेत," बाई म्हणाल्या. "हाताला काही लावा. सुजलाय."

दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. बाई खिडकीजवळ जाऊन बोलल्या. काटेकोररावांना 'हो मॅडम' चार वेळा आणि 'धन्यवाद' दोन वेळा ऐकू आले. यावरून काही ठरेना. बाईंनी फोन ठेवला, पदर सारखा केला आणि त्या वडिलांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, मुख्याध्यापिका झाले."

सासरे उठले. गुडघे दुखत असतानाही उठले. काटेकोररावांनी चष्मा काढला आणि तो पुसायला घेतला.

"खरंच?" शेवटी ते म्हणाले. "पण मी तर सगळा विचका..."

"तुम्ही आत आलात, तेव्हा शेवटचा प्रश्न चालला होता. वर्ग चालू असताना अचानक व्यत्यय आला तर तुम्ही काय कराल, असं विचारत होते. तुम्ही गेल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, उत्तर द्यायची गरज नाही, आम्ही पाहिलं."

काटेकोररावांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतू लागला. "म्हणजे एका अर्थी..."

"एका अर्थी," बाईंनी मान्य केले. "आणि आत्ता फोनवर त्यांनी राउटरवाल्याचा नंबर मागितला."

"बघ!" काटेकोरराव ताठ झाले. सुजलेला हात त्यांनी बाबांना दिसेल असा धरला. "तेवढ्या पाच मिनिटांतही जाणत्या माणसाच्या नजरेला काम दिसतं. किती शाळा आहेत त्यांच्या संस्थेच्या?"

"अकरा. सगळ्या शाळांना कळवणार आहेत."

"मला बोलावण्यासाठी?"

"चुकून कोणी बोलावू नये, यासाठी."

काटेकोरराव खुर्चीत बसले. "मग तू दिलास नंबर?"

"दिला."

"माझा?"

"मुख्याध्यापिका होऊन पाच मिनिटं झाली नव्हती. खोटा कसा देऊ?"

"अगं, पण निदान मी तुझा नवरा आहे, एवढं तरी सांगायचं!"

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. नजरेत राग नव्हता. उलट बरीचशी माया होती.

"सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण मग त्यांनी पुन्हा विचार केला असता."